लेकीच्या गावी स्वतःचं घर

"इथंच," भैय्यालाल म्हणाले आणि त्यांनी हँडब्रेक ओढला. "याच्याहून सपाट जागा मले साऱ्या कोकणात दाखव."

सुमनबाईंनी खिडकीची काच सरकवून बाहेर पाहिलं. जागा सपाट होती, यात वाद नव्हता. आखूड, दाट, हिरवंगार गवत, त्याच्यापुढे चिखलाचा रुंद पट्टा, आणि चिखलाच्या मधोमध खाडीचं बारीकसं पाणी. पलीकडचा डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत हिरवा होता. चिखलात चार-पाच होड्या कुशीवर कलंडून पडल्या होत्या.

"ते डोंगे काहून आडवे झाले जी?" त्यांनी विचारलं.

"पाणी उतरलं न. आपल्या तलावात उन्हाळ्यात नाही पडत डोंगे असे?"

"अन् ते भरती का काय म्हणतात, ते..."

"ते समुद्रात. समुद्र राह्यला तिकडं दोन कोस. हे खाडी होय. मोठा नाला समज."

भैय्यालाल खाली उतरले. काठावरच्या दगडांवर कमरेएवढ्या उंचीला एक काळपट रेघ होती. तिच्यावर त्यांनी मोठ्या अधिकारानं बोट फिरवलं.

"हे पाह्य. ही पावसाळ्यातली खूण. दसरा झाला का पाणी उतरणीले लागते, मंग ते पुढच्या आषाढालोक वर चढत नाही."

सुमनबाईंनी काच परत सरकवली. पाण्याच्या बाबतीत नवऱ्याशी वाद घालणं त्यांनी लग्नाच्या दुसऱ्या वर्षीच सोडून दिलं होतं. भैय्यालाल चौतीस वर्षं आपल्या गावी, तुमसरकडच्या सिहोऱ्याच्या कालव्यावर चौकीदार होते. कोणत्या गेटातून सुटलेलं पाणी कोणाच्या धानाच्या बांधीत किती वाजता पोचेल, हे सांगण्यात त्यांचा हात धरणारा पंचक्रोशीत कोणी नव्हता. नऊ गावांचे धानकरी त्यांच्या शब्दावर रोवणी धरत. रिटायर झाल्यापासून त्यांना पाण्याचं कोणी काही विचारत नसे, त्यामुळे आता ते सगळं ज्ञान एकट्या सुमनबाईंच्या वाट्याला येत होतं.

गाडीची कल्पनाही भैय्यालालचीच. साकोलीच्या एका शाळेची जुनी छोटी बस त्यांनी घेतली. तिकडच्याच शहापूरच्या बाबुलाल मिस्त्रीनं बाकं काढून दोन दिवाण ठोकून दिले, खिडकीखाली ओटा बसवला, शेगडी पक्की केली, टपावर पाण्याची टाकी चढवली. जावई अतुलराव फोनवर म्हणाले, बाबा, याला मोटरहोम म्हणतात, परदेशात लोक असेच समुद्रकाठानं फुकट मुक्काम करत हिंडतात. सिहोऱ्यात मात्र तिचं नाव बिऱ्हाडगाडी पडलं. दसऱ्याला गाडीला झेंडूचा हार घातला, आणि शेजारची शकुंतलाबाई डोळे पुसत म्हणाली, "सुमन, अख्खं घर घेऊन चालली व माय तू." ती रडत होती का हसत होती, ते सुमनबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही.

तिसऱ्या दिवशी समुद्र दिसला. तिथून पुढचे दोन दिवस सुमनबाईंच्या आयुष्यातले फार सुखाचे गेले, हे त्या स्वतः कबूल करत. एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी, मधून रस्ता. कापणीला आलेला भात दिसला की भैय्यालाल गाडी थांबवून लोंबी चोळून पाहत आणि "आपल्या चिन्नोरची सर नाही," असं ठरलेलं मत देत. रात्री कधी देवळाच्या पटांगणात, कधी डोंगरमाथ्याच्या सड्यावर मुक्काम. सड्यावर तर खाली समुद्र आणि वर यांची शेगडी. अंगणवाडीत सुमनबाईंनी अठ्ठावीस वर्षं मदतनीस म्हणून लोकांच्या लेकरांची खिचडी शिजवली होती. आपल्या दोघांपुरता भात टाकून त्याला शिट्टी होईपर्यंत समुद्राकडे पाहत बसायचं, एवढी चैन त्यांनी कधी केली नव्हती.

पण ही गाडी काही चैनीसाठी घेतलेली नव्हती. ती घेतली होती भावनासाठी.

भावना त्यांची एकुलती एक लेक. बारा वर्षांपूर्वी नोकरी लागली ती थेट रत्नागिरी जिल्ह्यात, खाडीकाठच्या जिल्हा परिषदेच्या शाळेत. अतुलराव तुमसरकडचेच, तेही तिथेच मास्तर. लग्नाला नऊ वर्षं झाली होती. आणि सुमनबाईंच्या माहेरी-सासरी, दोन्हीकडे एक रीत होती. लेकीच्या पोटी लेकरू झाल्याशिवाय मायबापानं तिच्या घरचं अन्न-पाणी घ्यायचं नाही. सुमनबाईंची आई तिच्या गावाहून यायची ती ओच्यात मुरमुरे बांधून, आणि पाणी प्यायची शेजारणीकडे. भावनाच्या बारशाला ती लेकीच्या घरी पहिल्यांदा पाटावर बसली.

भावनाला नऊ वर्षांत मूल झालं नाही.

मागे दोनदा ते दोघं कोकणात येऊन गेले. दोन्ही वेळा तालुक्याच्या लॉजवर उतरले, खानावळीत जेवले आणि लेकीच्या घरी नुसते ओट्यावर बसून आले. दुसऱ्या वेळी भावनानं बसस्टँडवर म्हटलं होतं, "आई, असं यायचं असल तर नको येत जाऊ." त्यानंतर चार वर्षं ते गेलेच नाहीत. मग भैय्यालालनी ही तोड काढली. लेकीच्या दारात जायचं, पण आपलं घर, आपली चूल, आपलं पाणी बरोबर घेऊन.

सगळ्यांना वाटे, रीत पाळतात ते भैय्यालाल. ते माणूस जुन्या वळणाचे, कपाळावर आठी कायमची. खरं सांगायचं तर भैय्यालाल केव्हाच पाटावर बसले असते. अडून बसल्या होत्या सुमनबाई. त्यांच्या मनात एक हिशेब होता आणि तो त्यांनी नवऱ्यालाही सांगितला नव्हता. आज आपण लेकीच्या घरचा घास घेतला, तर आपल्याच तोंडानं म्हटल्यासारखं होईल की आता वाट पाहायची नाही. तो घास त्यांनी नातवंडाच्या बारशासाठी राखून ठेवला होता.

आदल्या संध्याकाळी ते भावनाच्या दारात पोचले होते. तिनं अंगण झाडून, सारवून, कडेच्या कुंड्या हलवून गाडीसाठी जागा केली होती. सुमनबाईंनी लेकीला पोटाशी धरलं, तिच्या कानामागचे पांढरे केस पाहिले, आणि तरी म्हणाल्या, "अंगण बी तुयाच घराचं न बाई. आमी देवळापाशी लावतो गाडी."

 भावनानं कुंड्या पुन्हा जागेवर ठेवल्या. देवळाजवळची जागा उताराची होती, म्हणून आज सकाळीच भैय्यालाल गाडी खाडीवर घेऊन आले होते.

सुमनबाईंनी कुकर लावला. लाखोरीची डाळ शिजत घातली. रविवार होता, अकराच्या सुमाराला भावना आणि अतुलराव येणार होते. लेकीनं आईच्या घरी जेवायला काही हरकत नव्हती, आणि हे आईचंच घर होतं, चाकांवरचं का होईना. त्यांनी दिवाणावर नवी चादर टाकली. भैय्यालाल दुसऱ्या दिवाणावर आडवे झाले आणि घोरू लागले.

दहा-साडेदहाला त्या डाळीला फोडणी देऊन हात पुसत दारात आल्या, तर काहीतरी वेगळं दिसलं. काय वेगळं ते पटकन कळेना. मग लक्षात आलं. मघाशी आडव्या पडलेल्या होड्या उभ्या झाल्या होत्या.

"अवं जी," त्यांनी हाक मारली. "उठता का? डोंगे उभे झाले."

भैय्यालाल डोळे चोळत आले. चिखलाचा पट्टा कुठेच नव्हता. पाणी गवताच्या कडेला लागलं होतं आणि पाहता पाहता गवताच्या काड्यांमधून आत सरकत होतं.

"वरून कोणं गेट सोडलं वाटते," ते म्हणाले. "न सांगता सोडतात, पाह्य. आमच्या वक्ती असं केलं असतं त सायबानं..."

आणि ते मध्येच थांबले. पाण्यावर एक सुकलेली माडाची झावळी वाहत होती. ती समुद्राकडे जात नव्हती. समुद्राच्या बाजूनं येऊन डोंगराकडे चालली होती.

"पाणी वर जाऊन राह्यलं," भैय्यालाल हळूच म्हणाले.

चौतीस वर्षं त्यांनी पाणी खाली नेलं होतं. वरच्या बांधीतून खालच्या बांधीत, मोठ्या पाटातून छोट्या पाटात. पाणी आपण होऊन चढावर निघालेलं त्यांनी जन्मात पाहिलं नव्हतं. ते तसेच उभे राहिले, आणि त्यांच्या पायातली चप्पल भिजली तेव्हा भानावर आले.

गाडी सुरू झाली, पण मागची चाकं जागच्या जागी फिरू लागली. हिरवं गवत नुसतं वरवरचं, खाली सगळा गाळ. पाचव्या प्रयत्नाला गाडी आणखी वीतभर खाली बसली. वाटेनं एक म्हातारा कोळी पळत आला.

"ओ पावणे, हितं कुणी लावायला सांगितली गाडी? पुनव हाय आज, उधाण येतंय!"

त्यानं वळून वाडीच्या दिशेनं दोन आरोळ्या ठोकल्या. पाणी पायऱ्यांशी आलं, मग पहिली पायरी बुडाली. सुमनबाई आत धावल्या. तांदळाची पिशवी त्यांनी उचलून वरच्या फळीवर टाकली, शेगडीवरचा कुकर उतरवला आणि तो पोटाशी धरून गाडीच्या मधोमध उभ्या राहिल्या. फळ्यांच्या फटीतून पाणी आत येऊ लागलं होतं.

"आई, कुकर ठेव अन् खाली उतर."

भावना दारात होती. साडी गुडघ्यापर्यंत खोचलेली, मांड्यांपर्यंत पाण्यात उभी. तिनं आईचा हात धरला, कमरेला विळखा घातला आणि अंगणवाडीतल्या लेकराला उतरवावं तसं उचलून खाली घेतलं. मग वळून ती लोकांवर ओरडली. दोर पुढच्या हुकाला लावा, मागून रेटू नका, फळ्या आणा, चाकाखाली फळ्या घाला. ही भाषा इथली होती, हेल इथला होता. "बाय, तुमी बाजूला व्हा," बायका तिला म्हणत होत्या आणि ती होत नव्हती. पंधरा-वीस माणसं दोराला लागली. जी एरवी होड्या ओढतात, ती शाळेच्या बाईंच्या बापाचं घर ओढत होती. भैय्यालाल सगळ्यांत शेवटी दोराला हात लावून उभे होते. त्यांचा जोर काही कामाचा नव्हता, पण हात त्यांनी सोडला नाही.

सुमनबाई काठावर ओल्या अंगानं पाहत राहिल्या. एवढी माणसं आपल्या लेकीच्या हाकेला येतात हे त्यांना माहीतच नव्हतं. ओट्यावर बसून माणसाला दिसणार तरी किती?

गाडी निघाली. ती ओढत नेऊन ठेवायला जागा एकच होती. कुंड्या पुन्हा हलवल्या गेल्या.

दुपारी भावनाच्या अंगणात साऱ्या बिऱ्हाडाचं वाळवण पडलं. गाद्या, चादरी, बाबुलाल मिस्त्रीच्या दिवाणांच्या फळ्या. अतुलराव बॉनेट उघडून इंजिन कोरडं करत होते आणि भैय्यालाल त्यांना पाने देत होते. म्हातारा कोळी जाताना त्यांच्यापाशी थांबला.

"मनावर घेऊ नका. आमी तुमच्याकडं आलो तर आमालाबी तुमचं पाणी कळायचं नाय."

भैय्यालालनी मान हलवली. मग थोड्या वेळानं त्यांनी अतुलरावांना विचारलं, "रोज येते का जी हे पाणी?"

"दोनदा, बाबा."

"दोनदा," भैय्यालाल म्हणाले आणि पाना पुसत बसले.

मागच्या विहिरीवर मायलेकी चादरी खळबळत होत्या. एक टोक आईच्या हातात, एक लेकीच्या. दोघींनी उलट्या दिशेनं पिळायचं. सिहोऱ्याला भावना लग्नाआधी अशीच समोर उभी राहायची.

"लय माणसं जोडली व तू," सुमनबाई म्हणाल्या.

"बारा वर्षं झाली न आई."

चादर पिळून झाली. भावनानं ती लगेच वाळत घातली नाही, हातातच धरली.

"आई, एक सांगू? मी इलाज बंद केला. होळीपासून. डॉक्टर म्हणे, आणखी एकदा करून पाहू. मीच नाही म्हटलं. अंग थकलं माझं. अतुलबी म्हणाले, बस्स झालं."

सुमनबाईंना पहिल्यांदा ते नीट ऐकूच आलं नाही असं वाटलं. मग नीट ऐकू आलं.

"होळीपासून," त्या म्हणाल्या. "अन् मले नाही सांगतलं?"

"दर खेपी फोन उचलला का वाटे, आज सांगतो. मंग तू विचारे, अंगात ताकत हाय न, दूध पेते न. तुया आवाजावरून कळे का तू अजून वाट पाहून राहिली." भावना चादरीची घडी घालू लागली, ओलीच. "मी सोडलं, अतुलनं सोडलं. मले वाटे, एक जण तरी पाहत राहू दे. म्हणून नाही सांगतलं."

सुमनबाईंनी तिच्या हातातली चादर काढून घेतली आणि दोरीवर टाकली. टोकं जुळवायला त्यांनी फार वेळ लावला. लेक दुखावते ती आपण जेवत नाही म्हणून, एवढंच त्या इतकी वर्षं समजत होत्या. आपण वाट पाहत असल्याचं ओझंही तिच्याच डोक्यावर होतं, हे त्यांच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं. त्यांना स्वतःचा राग आला, आणि त्याहून जास्त रडू आलं. ते त्यांनी दोरीकडे तोंड करून पदरानं पुसलं.

भावनाला ते दिसलं असावं. ती मागच्या दाराच्या पायऱ्यांपाशी गेली आणि तिथूनच म्हणाली, "तुयं रांधलेलं सारं खाऱ्या पाण्यात गेलं, पण तांदळाची पिशवी कोरडी हाय. वरच्या फळीवर होती म्हणून वाचली. शेगडी मी अंगणात मांडून देतो. पाणी शेजारच्या काकीच्या नळाचं आणतो. तू तुया हातानं कर अन् जेवा दोघंही. तीन वाजत आले."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. आईची रीत मोडू नये म्हणून ती खरोखर कळशी घेऊन निघाली होती.

"थांब," सुमनबाई म्हणाल्या.

त्या पाय धुऊन मागच्या दारानं आत गेल्या. नऊ वर्षांत हे घर त्यांनी ओट्यापुरतंच पाहिलं होतं. स्वयंपाकघर लहान होतं, स्वच्छ होतं. डबे ओळीनं लावलेले, अगदी सिहोऱ्याला लावतात त्याच क्रमानं, आधी तांदूळ, मग डाळी, मग मुरमुरे. कोपऱ्यात पाट उभा करून ठेवला होता. सुमनबाईंनी तो घेतला, जमिनीवर टाकला आणि गुडघ्यांवर हात देत त्याच्यावर बसल्या.

भावना कळशी घेऊन दारातच उभी राहिली.

"काय केलं आज?" सुमनबाईंनी विचारलं.

"वरण-भात. वांग्याची भाजी." "आई, तुले कळते न तू काय करून राहिली?"

"कळते."

"मंग?"

"मले भूक लागली, बाई. वाढ."

भावनानं कळशी खाली ठेवली. ताट घेताना ते तिच्या हातून फडताळावर आपटलं. तिनं भात वाढला, वरण वाढलं, भाजी वाढली, आणि पेला भरून आईच्या उजव्या हाताला ठेवला. सुमनबाईंनी आधी पाण्याचा घोट घेतला. मग भात कालवला आणि पहिला घास तोंडात घातला. तो गिळायला त्यांना वेळ लागला. दुसरा सोपा गेला.

भैय्यालाल फडकं मागायला आत आले आणि उंबऱ्यातच थबकले. पाटावर बसलेल्या बायकोकडे त्यांनी पाहिलं, ताटाकडे पाहिलं. बाहेर जाऊन हातापायांचं काळं ग्रीस साबण लावून धुतलं, टोपी काढून खिशात घातली आणि दुसरा पाट नसल्यामुळे ते बायकोच्या शेजारी फरशीवरच मांडी घालून बसले. भावनानं त्यांच्यासमोर ताट ठेवलं.

बाहेर अतुलरावांनी इंजिन एकदा सुरू करून पाहिलं, ते खोकलं आणि बंद पडलं.

"भाजी चांगली झाली," भैय्यालाल म्हणाले.

"कोवळी वांगी होती," भावना म्हणाली.

सुमनबाईंच्या ताटातला भात संपत आला. भावना भाताचं भांडं घेऊन पुन्हा समोर आली, तेव्हा परक्या घरी गेलेल्या पाहुणीनं धरावा तसा त्यांनी ताटावर हात आडवा धरला. भावना खाली बसली. तिनं आईचा तो हात मनगटाला धरून हळूच बाजूला केला आणि भात वाढला.